ग्राहक कंपनी एनसीएलटीत गेली, आता पुरवठादाराने काय करायचे?

चाकण, वाळूज, सातपूर किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या पुरवठादाराला ही बातमी बहुतेक वेळा आडूनच कळते. पेमेंटची आठवण करायला फोन केला की समोरचा अकाउंटंट सांगतो, ‘साहेब, आता आमच्या हातात काही नाही. आरपी बसलेत.’ म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने, अर्थात एनसीएलटीने, त्या कंपनीविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला आहे. संचालक मंडळाचे अधिकार त्या क्षणी गोठले आणि कंपनीची सूत्रे एका नोंदणीकृत व्यावसायिकाच्या हाती गेली. सुरुवातीला त्याला आयआरपी (इंटरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल) म्हणतात. कर्जदात्यांच्या समितीने त्यालाच कायम केले किंवा दुसरा नेमला, की तो आरपी (रिझोल्यूशन प्रोफेशनल). महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्यांची प्रकरणे एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे चालतात.

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ सालची, आणि कंपन्यांसाठीची ही प्रक्रिया १ डिसेंबर २०१६ पासून सुरू झाली. तिचा हेतू कंपनी वाचवणे हा आहे, तुमची उधारी वसूल करून देणे हा नाही. हे मनात पक्के बसले नाही की माणूस सहा महिने चुकीच्या दारावर धडका मारत राहतो. पुरवठादाराच्या हातात खरोखर तीनच गोष्टी उरतात: जुन्या येण्यासाठी वेळेत भरलेला दावा, नव्या मालासाठी नव्या अटी, आणि संरक्षणाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांवर स्वतंत्र कारवाई. या तिन्हींचा पाया पहिल्या महिन्यातच घातला जातो.

पहिल्या दिवशी: एक तारीख शोधा

सगळे हिशेब एका तारखेवर अडकलेले असतात. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला तो दिवस. या दिवसाआधीचे येणे वेगळे आणि नंतरचे वेगळे. व्याज याच दिवसापर्यंत मोजायचे. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता आदेशाची प्रत मिळवा. ती एनसीएलटीच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने सापडते.

नेमणूक झाल्यापासून तीन दिवसांत आयआरपीला जाहीर सूचना काढावी लागते. ती एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात येते, शिवाय नादारी मंडळाच्या म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर टाकली जाते. ‘फॉर्म ए’ या नावाने ती शोधा. तिच्यात आयआरपीचे नाव, दावे पाठवायचा ईमेल आणि शेवटची तारीख असते. ही तारीख नेमणुकीपासून १४ दिवसांची. पेपरात येईपर्यंत तीनचार दिवस गेलेले असतात, म्हणजे तुमच्या हातात प्रत्यक्षात दहाच दिवस उरतात. मोठ्या ग्राहकांची नावे महिन्यातून एकदा आयबीबीआयच्या यादीत तपासण्याची सवय एखाद्या कर्मचाऱ्याला लावली, तर खर्च अर्ध्या तासाचा आहे.

मोरेटोरियममध्ये काय थांबते, काय थांबत नाही

आदेशाबरोबरच संहितेच्या कलम १४ खाली स्थगिती लागू होते. कंपनीवर नवा दावा लावता येत नाही, चालू दावा पुढे जात नाही, हातात हुकूमनामा असला तरी जप्ती करता येत नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकीत येण्यांचे वाद ऐकणाऱ्या एमएसएमई सुविधा परिषदेकडचे प्रकरणही कंपनीपुरते तिथेच थबकते. वेळ मात्र वाया जात नाही. मुदतीच्या कायद्याचा हिशेब करताना स्थगितीचा काळ वगळला जातो, त्यामुळे कंपनी प्रक्रियेतून बाहेर पडली तर जुना दावा त्याच कारणाने मुदतबाह्य ठरत नाही.

जुन्या बिलांचे पैसे आता कोणीही देऊ शकत नाही, आरपीसुद्धा नाही. ‘तुमचं तेवढं गुपचूप सोडवून देतो’ असा निरोप जुन्या व्यवस्थापनाकडून आला तर नम्रपणे नकार द्या. ती रक्कम परत मागितली जाईल, आणि मधल्या काळात तुमच्या दाव्यावर संशयाची सावली पडेल.

तुमच्याकडे कंपनीचे डाय, जिग किंवा जॉबवर्कसाठी आलेला कच्चा माल पडून असेल तर तो परस्पर विकणे किंवा मोडीत काढणे ही सर्वांत महागडी चूक. यादी करा, फोटो काढा, आरपीला लेखी कळवा आणि जॉबवर्कची थकबाकी त्याच पत्रात मांडा. उलट तुमच्या मालकीची साधने किंवा कन्साइनमेंटवर ठेवलेला माल कंपनीच्या आवारात असेल, तर तो कंपनीची मालमत्ता धरला जात नाही. पण स्थगितीच्या काळात टेम्पो घेऊन जाऊन तो उचलूनही आणता येत नाही. चलनांसह मालकीचा लेखी दावा लगेच नोंदवा, म्हणजे मूल्यमापनाच्या वेळी तो चुकून कंपनीच्या साठ्यात मोजला जाणार नाही.

अॅडव्हान्स आणि वळते करून घेण्याचा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. ‘त्यांचे पाच लाख माझ्याकडे आहेत, माझे आठ लाख त्यांच्याकडे, मग तीनच लाखांचा दावा करतो,’ हे गणित आपोआप चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअरटेलच्या प्रकरणात सांगितले की या प्रक्रियेत वजावटीला सर्वसाधारण मुभा नाही. आधीपासून करारात तशी तरतूद अमलात असेल किंवा दोन्ही रकमा एकाच व्यवहाराशी घट्ट बांधलेल्या असतील, तर मात्र ती मिळू शकते. म्हणून एकाच ऑर्डरवरचा अॅडव्हान्स आणि वेगळ्या ऑर्डरवरचे येणे एकत्र कालवू नका. दोन्ही आकडे फॉर्ममध्ये स्वतंत्र दाखवा.

स्थगितीचे छत्र कंपनीवर असते. वैयक्तिक हमी दिलेल्या प्रवर्तकावर ते नसते, त्यामुळे तुमच्या करारात हमीपत्र असेल तर ते फाइलमधून बाहेर काढा. चेक न वटल्याचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालानुसार न वटलेल्या चेकबद्दलचा कलम १३८ चा खटला कंपनीविरुद्ध थांबतो, पण सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध चालू राहू शकतो. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला दुसरी बाजू जोडली. नोटिशीनंतरची १५ दिवसांची मुदत प्रक्रिया सुरू झाल्यावर संपली असेल, तर तेव्हा त्या संचालकाच्या हातात कंपनीचे खातेच नव्हते, म्हणून त्याच्यावर खटला टिकला नाही. थोडक्यात, चेक परतल्यावर ‘पुढच्या महिन्यात पुन्हा टाकतो’ म्हणत थांबणाऱ्याचा हक्क हातातून निसटतो. नोटीस त्याच आठवड्यात गेली पाहिजे.

फॉर्म बी भरताना

पुरवठादार कायद्याच्या भाषेत ‘ऑपरेशनल क्रेडिटर’ आणि त्याचा दावा ‘फॉर्म बी’ मध्ये. फी नाही. वकीलच हवा असेही नाही, तुमचा सीए आणि खाती सांभाळणारा माणूस मिळून दोन दिवसांत हे काम करू शकतात. बँका फॉर्म सी भरतात, फ्लॅट बुक केलेले ग्राहक फॉर्म सीए, कामगार-कर्मचारी फॉर्म डी. चुकीचा फॉर्म भरला म्हणून दावा मरत नाही, पण आरपी तो परत पाठवतो आणि तुमचे चार दिवस जातात.

फॉर्मला ही कागदपत्रे जोडा:

- पर्चेस ऑर्डर, बिले, आणि माल मिळाल्याची सही-शिक्का असलेली चलने किंवा जीआरएन
- तुमच्या वहीतला ग्राहकाचा लेजर, पहिल्या थकीत बिलापासून आदेशाच्या तारखेपर्यंत
- त्या काळाचे बँक स्टेटमेंट, मिळालेल्या रकमा खूण करून
- जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी चे संबंधित उतारे, लागू असेल तिथे ई-वे बिल
- बॅलन्स कन्फर्मेशन, थकबाकी मान्य करणारे ईमेल
- पॅन, उद्यम नोंदणी, आणि पैसे ज्या खात्यात हवेत त्याचा रद्द केलेला चेक

जीएसटीचे उतारे ही २०२२ पासूनची अट आहे. नोंदणीची गरज नसलेल्याला ती लागू नाही. बाकीच्यांनी हे कागद जोडले नाहीत, तर पडताळणी तिथेच अडते.

रक्कम ठरवताना जीएसटीसह पूर्ण बिल धरा. कर तुम्ही भरून बसला आहात, आणि बुडीत येण्यावर भरलेला जीएसटी परत मिळण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. टीडीएसकडे मात्र बारकाईने पाहा. ग्राहकाने कापून सरकारात भरलेला टीडीएस तुमच्या २६एएस मध्ये दिसतो. तेवढी रक्कम तुम्हाला मिळालेलीच आहे, ती दाव्यातून वजा करा. कापला पण भरलाच नाही, तर ती रक्कम येणे म्हणून दाव्यात राहू द्या आणि तशी टीप द्या. २६एएस मधली नोंद आणखी एका कारणाने मोलाची आहे. ग्राहकाने तुमचे बिल आपल्या वहीत घेतले होते याचा तो त्याच्याच हातचा पुरावा. जीआरएन हरवलेल्या पुरवठादाराची लाज अनेकदा याच एका पानाने राखली जाते.

व्याज मागायचे असेल तर आधार दाखवा. ऑर्डरवर किंवा बिलावर व्याजाची अट असावी, किंवा तुम्ही सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेले असावे. एमएसएमई विकास कायद्याच्या कलम १६ नुसार उशिराच्या पेमेंटवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. उद्यम नोंदणी त्या पुरवठ्याच्या आधीची आहे ना, हे पाहा. माल गेल्यानंतर काढलेल्या नोंदणीवर मागितलेले व्याज आरपी सहसा कापतो. मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत, वेगळ्या तक्त्यासह लिहा. एकत्र लिहिलेला मोठा आकडा पाहून पडताळणी करणारा माणूस आधी मुद्दलावरच शंका घेतो.

जुन्या बिलांना तीन वर्षांची मुदत लागू आहे. २०१९ चे एखादे बिल अजून लेजरमध्ये रेंगाळत असेल तर मध्ये कधीतरी ग्राहकाने लेखी कबुली दिली होती का, ते शोधा. मुदत संपण्याआधीचे सहीचे बॅलन्स कन्फर्मेशन, थोडे पैसे दिल्याची लेखी नोंद, कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेले देणे, यांपैकी काहीही चालू शकते. कबुलीच्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात.

डेबिट नोट आणि रिजेक्शन लपवू नका. आरपीसमोर कंपनीच्या वह्या उघड्या असतात. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला नाही की तो त्यांचाच, म्हणजे कमी आकडा, मान्य करतो आणि फरक सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर टाकतो. ज्या डेबिट नोटवर तुम्ही त्याच वेळी ईमेलने हरकत घेतली होती, तिथे तो ईमेल जोडा. हरकत घेतलीच नसेल तर ती रक्कम सोडून दिलेली बरी.

फॉर्म ईमेलने पाठवता येतो. स्कॅन एकाच फाइलमध्ये, पाने क्रमांक घालून, बिलांची अनुक्रमणिका पुढे. पोचपावतीचा ईमेल आला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करा. आयआरपीच्या ईमेलवर त्या आठवड्यात शेकडो जोडपत्रे आदळत असतात, आणि ४० एमबीची फाइल सर्व्हरवरूनच परत फिरली हे तुम्हाला स्पॅम फोल्डरमध्ये महिन्याने दिसते.

शेवटच्या तारखेनंतर सात दिवसांत पडताळणी करणे आरपीवर बंधनकारक आहे. मान्य झालेल्या दाव्यांची यादी आयबीबीआयच्या संकेतस्थळावर येते. तिच्यात तुमचे नाव, मागितलेली आणि मान्य झालेली रक्कम तपासा. कमी मान्य केली असेल तर कारण लेखी मागा, कागद पुरवा, आणि तरीही जमले नाही तर एनसीएलटीपुढे कलम ६०(५) खाली अर्ज करा. इथे वकील लागतो.

१४ दिवस हुकले तरी दार बंद होत नाही. प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत, किंवा कंपनी घेऊ इच्छिणाऱ्यांकडून तिच्या पुनरुज्जीवनाच्या योजना मागवल्या जातील त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर दावा करता येतो. मात्र ९० दिवस उलटल्यावर केलेल्या दाव्यासोबत उशिराचे कारण द्यावे लागते. त्यानंतर आलेला दावा आरपी स्वीकारार्ह आहे की नाही असा शेरा मारून कर्जदात्यांच्या समितीपुढे आणि मग एनसीएलटीपुढे ठेवतो. तिथे मेहेरबानीचा भाग सुरू होतो. आणि योजना मंजूर झाल्यावर आलेल्या दाव्याचे काय होते, ते पुढे पाहूच.

नियम आणि फॉर्म वारंवार बदलतात. संहितेतच मोठे बदल सुचवणारे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म नमुना म्हणून वापरू नका. भरायच्या दिवशी आयबीबीआयच्या संकेतस्थळावरून ताजा फॉर्म उतरवून घ्या.

माल देत राहायचा की थांबवायचा?

इथे पुरवठादाराची बाजू खरी मजबूत असते, आणि नेमके इथेच तो रागाच्या भरात ती घालवतो. कंपनी चालू ठेवणे हे आरपीचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी त्याला तुमचा माल हवा असतो. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर दिलेल्या मालाचे देणे हा प्रक्रियेचा खर्च मानला जातो. पुनरुज्जीवनाच्या योजनेत तो सर्वांत आधी फेडावा लागतो आणि कंपनी मोडीत निघाली तरी रांगेत तोच पहिला असतो. बँकेच्याही पुढे.

पण पहिला नंबर लागणे आणि तिजोरीत पैसे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नवा माल देण्याआधी इतके करून घ्या. आदेशानंतरच्या तारखेची, आरपीच्या किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीची नवी ऑर्डर हवी. जुन्या ओपन ऑर्डरवर माल सोडू नका. पैसे आगाऊ घ्या, ते जमत नसेल तर सात किंवा पंधरा दिवसांची मुदत आणि उधारीला एक कमाल मर्यादा. आपल्या वहीत त्या ग्राहकाचे नवे खाते उघडा, म्हणजे आलेली रक्कम सॉफ्टवेअर आपोआप जुन्या बिलावर चढवणार नाही. असे चढले की नव्या मालाचे बिल थकीत दिसते आणि जुने फिटलेले, आणि हा गोंधळ निस्तरायला दोन्ही बाजूंच्या अकाउंटंटना आठवडा लागतो.

जीएसटी क्रमांकही तपासा. कंपनीची आधीच्या काळाची विवरणपत्रे भरून झालेली नसतील तर आरपीला नेमणुकीपासून ३० दिवसांत नवी नोंदणी घ्यावी लागते. जुन्या क्रमांकावर बिल टाकले तर त्यांना क्रेडिट मिळत नाही आणि तुमचे पेमेंट त्याच कारणाने अडते.

पुरवठा बंद करण्याच्या अधिकारालाही मर्यादा आहे. वीज, पाणी, दूरसंचार आणि माहिती-तंत्रज्ञान सेवा या जुन्या थकबाकीसाठी तोडता येत नाहीत. ज्या मालाशिवाय कंपनीचे मूल्यच टिकणार नाही असे आरपी ठरवतो, तो पुरवठाही स्थगितीच्या काळात बंद करता येत नाही. तिथे एकच सूट आहे: स्थगितीच्या काळातल्या मालाचे पैसे कंपनीने दिले नाहीत तर. आरपीकडून असे पत्र आले तर ‘आधी जुने द्या’ हे उत्तर लिहू नका. ‘चालू बिलांचे पैसे अमुक दिवसांत मिळतील या अटीवर पुरवठा चालू ठेवतो’ असे लिहा. हेच उत्तर कायद्यात बसते आणि तुमचे पैसेही सांभाळते.

निर्णय कोण घेते आणि तुमच्या वाट्याला काय येते

मतदान करते ती कर्जदात्यांची समिती, सीओसी. तिच्यात बँका आणि इतर वित्तीय कर्जदाते असतात. पुरवठादारांना तिथे मत नाही. सर्व पुरवठादारांचे येणे मिळून एकूण कर्जाच्या किमान दहा टक्के असेल, तर त्यांचा एक प्रतिनिधी बैठकीत बसू शकतो, तोही श्रोता म्हणून. वित्तीय कर्जदाता एकही नसेल तर मात्र सर्वांत मोठ्या १८ पुरवठादारांची समिती बनते, सोबत कामगार आणि कर्मचाऱ्यांचा एकेक प्रतिनिधी. लघुउद्योगांच्या प्रकरणांत हे घडू शकते, म्हणून समितीची रचना विचारून घ्या.

योजना मंजूर व्हायला ६६ टक्के मते लागतात. मूळ मुदत १८० दिवस, समितीने वाढवली तर आणखी ९०, आणि कोर्टकज्जे धरून ३३० दिवस ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षे सहज जातात. तुमच्या रोखीच्या नियोजनात या येण्यापुढे शून्य लिहा आणि जे येईल ते वरकमाई समजा.

शून्यच का, ते एका काल्पनिक उदाहरणावरून समजून घ्या. कंपनी मोडीत काढली तर ४० कोटी येतील असे मूल्यमापन झाले. बँकांचे तारण कर्ज ९० कोटी, कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी ४ कोटी, पुरवठादारांचे येणे १२ कोटी. प्रक्रियेचा खर्च ३ कोटी आधी बाजूला निघतो. उरलेले ३७ कोटी बँका आणि कामगार यांच्यात, दोघेही एकाच पायरीवर असल्याने, ९४ कोटींच्या प्रमाणात वाटले जातात. रुपयामागे साधारण ३९ पैसे. त्यांच्या खाली कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे पगार, मग विनातारण वित्तीय कर्जे, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर तुम्ही. पुरवठादाराला योजनेत किमान किती द्यायचे याचे दोन मापदंड कायद्यात आहेत: कंपनी मोडीत निघाली असती तर मिळाले असते तितके, किंवा योजनेची रक्कम याच उतरंडीने वाटली तर मिळाले असते तितके, यांतले जे जास्त असेल ते. या कंपनीसाठी ५० कोटींची बोली आली तरी दोन्ही गणितांत तुमचा आकडा शून्यच.

मग काहींना पैसे मिळतात ते कसे? कारण घेणाऱ्याला कारखाना चालवायचा असतो. एस्सार स्टीलच्या योजनेत एक कोटीपेक्षा कमी येणे असलेल्या व्यापारी पुरवठादारांना पूर्ण रक्कम देण्याची तरतूद होती. चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचे उदाहरण याच्या बरोबर उलटे. जून २०२१ मध्ये एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने मंजुरी देताना नोंदवले की मान्य झालेल्या सुमारे ६४,८३८ कोटींच्या दाव्यांपुढे योजना २,९६२ कोटींची आहे, आणि पुरवठादारांच्या हाती ०.७२ टक्केच पडतील. लाखाला ७२० रुपये. हा ‘हेअरकट’ (येण्यातली कपात) नसून मुंडणच आहे, अशा अर्थाचा शेरा खुद्द आदेशात आहे. जानेवारी २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवले.

किती पैसे कोणाला, हा समितीचा व्यावसायिक निर्णय असून त्यात न्यायालयाने सहसा पडायचे नाही, हे नोव्हेंबर २०१९ च्या एस्सार निकालापासून पक्के आहे. ‘कमी मिळाले’ एवढ्या कारणावर अपील टिकत नाही. कायद्यातले किमान गणित चुकले, मान्य दावा योजनेत धरलाच नाही, अशी कारणे लागतात. अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण असल्यास आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही. आणि जे काही ठरले असेल ते वित्तीय कर्जदात्यांच्या आधी तुम्हाला द्यावे लागते, हा नियम तुमच्या बाजूचा आहे. योजना मंजूर होताच यशस्वी बोलीदाराला बँक तपशिलाचे पत्र पाठवून ठेवा.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मंजूर योजनेत नसलेले सर्व जुने दावे त्या तारखेला संपुष्टात येतात, सरकारी देणीसुद्धा. ज्याने फॉर्म बी भरलाच नाही त्याचे बिल कितीही खरे असले तरी नव्या मालकाकडे मागता येत नाही.

दोन अपवादात्मक वळणे लक्षात ठेवा. प्रवर्तकाने अर्जदाराशी तडजोड केली आणि समितीतल्या ९० टक्क्यांनी मान्यता दिली, तर प्रकरण मागे घेतले जाऊ शकते. तसे झाले की कंपनी जुन्या व्यवस्थापनाकडे परत जाते आणि तुमचे वसुलीचे सगळे मार्ग पुन्हा खुले होतात. दुसरे, कंपनी स्वतः एमएसएमई असेल तर जुन्या प्रवर्तकाला बोली लावण्यात कायद्याने बरीच सूट दिली आहे. ज्याला तुम्ही फोनवर चार शब्द सुनावले तोच पुन्हा खुर्चीत दिसू शकतो.

स्वतःच अर्ज करायचा विचार असेल तर

कंपनी अजून एनसीएलटीत गेलेली नाही आणि तुमचे पैसे अडकलेत, अशा वेळी कलम ९ चा अर्ज हा धाक म्हणून वापरायचा मोह होतो. त्याच्या अटी आधी पाहा. थकबाकी किमान एक कोटी हवी. मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती. शेजारच्या तीन पुरवठादारांची येणी एकत्र करून कोटी भरता येत नाहीत, प्रत्येकाने आपापला अर्ज करायचा. २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या काळात झालेल्या थकबाकीवर अर्ज कधीच करता येत नाही.

आधी फॉर्म ३ किंवा बिलासह फॉर्म ४ मध्ये मागणी नोटीस, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर. दहा दिवस थांबा. त्यात पैसे आले नाहीत आणि वादाचे उत्तरही आले नाही, तर फॉर्म ५ मध्ये अर्ज. फी दोन हजार रुपये. सोबत जीएसटीचे उतारे, आणि त्याआधी थकबाकीची नोंद माहिती उपयुक्तता संस्थेकडे, म्हणजे एनईएसएलकडे. फी किरकोळ असली तरी आयआरपीच्या सुरुवातीच्या खर्चासाठी अर्जदाराला काही लाख भरायला सांगितले जाऊ शकते.

बहुतेक अर्ज एकाच दगडाला ठेचकाळतात: आधीपासूनचा वाद. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ग्राहकाला वाद जिंकून दाखवावा लागत नाही, तो खरा आहे आणि नोटिशीच्या आधीचा आहे इतके पुरते. गुणवत्तेबद्दलचा एक जुना, उत्तर न दिलेला ईमेल तुमचा कोटीचा अर्ज पाडू शकतो. म्हणून रिजेक्शनच्या प्रत्येक ईमेलला त्याच आठवड्यात लेखी उत्तर द्या, आणि दर मार्चअखेरीला सहीचे बॅलन्स कन्फर्मेशन घ्या.

अर्ज मंजूर झालाच, तर त्या क्षणी तो तुमचा राहत नाही. तुम्ही सुरू केलेल्या प्रक्रियेत मत बँकांचे, आणि तुम्ही वर सांगितलेल्या उतरंडीत खालून मोजायचे. ग्राहकावर बँकांचे मोठे तारण कर्ज असेल तर सुविधा परिषद किंवा दिवाणी दावा जास्त फायद्याचा. कर्ज कमी आणि ग्राहक पैसे असूनही देत नसेल, तर नोटिशीनेच काम होते. मात्र खोट्या हेतूने किंवा केवळ त्रास देण्यासाठी प्रक्रिया सुरू केल्यास एक लाख ते एक कोटी दंडाची तरतूद आहे.

योजना आलीच नाही तर

मुदतीत योजना मंजूर झाली नाही, किंवा मंजूर होऊन अमलात आली नाही, तर कंपनी परिसमापनात जाते, म्हणजे मालमत्ता विकून मोडीत काढली जाते. जेट एअरवेजची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली होती, तरी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. परिसमापकाची नवी जाहीर सूचना येते आणि परिसमापन सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पुन्हा दावा मागवला जातो. आधी मान्य झालेला आकडा विचारात घेतला जातो हे खरे, पण नव्या फॉर्ममध्ये, नव्या तारखेपर्यंतचा दावा पुन्हा भरा. जुन्या फाइलमधली पाने तीच राहतात, काम तासाभराचे आहे. प्रक्रियेच्या काळात दिलेल्या मालाचे काही राहिले असेल तर ते याच वेळी, जुन्या येण्यात न मिसळता, प्रक्रिया-खर्च म्हणून वेगळे मागा. त्याची रांग पहिली आहे.